मुंबईची मानमोडी: १९१८ च्या साथीत शहराने काय केलं आणि काय जमलं नाही

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस हॉस्पिटलात सात शिपाई ताप घेऊन दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. त्यांच्यात गोदीवर पहारा देणारा एकजण होता, म्हणून नजर साहजिकच बंदराकडे वळली. पुढच्या आठवड्यात एका जहाज कंपनीचे कारकून आजारी पडले. मग पोर्ट ट्रस्ट, हाँगकाँग अँड शांघाय बँक, तार ऑफिस, टांकसाळ आणि रेचल ससून मिल. जूनचा शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत मुंबईत असं ऑफिस उरलं नव्हतं की जिथे निम्मी टेबलं रिकामी दिसत नव्हती. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहून ठेवलं आहे की साथ रात्रीच्या चोरासारखी आली.

या साथीला जग स्पॅनिश फ्लू म्हणतं. स्पेन महायुद्धात नव्हता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धकाळाची बंधनं नव्हती, म्हणून बातम्या तिथून आल्या आणि नाव चिकटलं. आपल्याकडे घाटावर तिला ‘मानमोडी’ म्हणत. मान, पाठ, सांधे असे धरायचे की माणसाला मान वर करता येत नसे. देशाच्या आतल्या भागांत तिला ‘मुंबईचा ताप’ असंही म्हटलं गेलं. हे नाव मुंबईला आवडण्यासारखं नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीस एक जहाज गोदीला लागलं होतं. टर्नर यांचं म्हणणं, आजार त्या जहाजाच्या खलाशांनी आणला. सरकारी बाजूचं म्हणणं उलट: खलाशांनाच आजार मुंबईत लागला. हा वाद त्या वेळी मिटला नाही. साधं गणित मात्र करून बघता येतं. फ्लूची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेकदा दोन. माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो. समजा एका रोग्याकडून दोघांना लागण होते आणि असा एक फेरा तीन दिवसांत पुरा होतो. मग १० जूनच्या सात रोग्यांपासून दोन आठवड्यांत चार-पाच फेरे होतात, म्हणजे नवे रोगी दोनशेच्या आसपास. दोनशे रोग्यांनी दहा लाखांचं शहर ठप्प होत नाही. याचा अर्थ ते सात शिपाई पहिले नव्हतेच. ते पहिले *दिसलेले* होते.

ते दिसले कारण पोलिसांचं स्वतःचं हॉस्पिटल होतं आणि रोज हजेरी होती. बँक, टांकसाळ, मिल, पोर्ट ट्रस्ट या साऱ्यांत एकच गोष्ट सारखी आहे: हजेरीपट. ज्याच्या गैरहजेरीची नोंद होते त्याचा आजार शहराला कळतो. गिरगावातल्या चाळीत चूल पेटली नाही किंवा माझगावातल्या झोपडीत कुणी उठलं नाही, तर ते कुठल्याच वहीत येत नाही. पुढची सगळी गोष्ट समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवावं लागेल.

शहराकडे यंत्रणा होती, पण ती प्लेगची होती

मुंबईला साथी नव्या नव्हत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं आणि पुढची वीस वर्षं शहराचं आरोग्य खातं प्लेगशीच लढत राहिलं. त्या लढाईत एक पूर्ण यंत्रणा तयार झाली. घरोघर झडती घ्यायची, रोगी शोधून हॉस्पिटलात न्यायचा, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचं. खोली कार्बोलिकने धुवायची, भिंतींना चुना द्यायचा, उजेड यावा म्हणून कौलं काढायची. रेल्वे स्टेशनवर प्रवाशांची बगल आणि जांघ चाचपून गाठ आहे का पाहायची. उंदीर मारायचे. परळला लस बनायची. दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

आता या यंत्रणेचा एकेक भाग फ्लूला लावून बघा.

उंदीर आणि पिसू यांचा फ्लूशी संबंध नाही, त्यामुळे उंदरांची सगळी मोहीम बाद. कार्बोलिकने जमीन धुऊन उपयोग नाही, कारण आजार जमिनीतून येत नाही. तो शेजारी झोपलेल्याच्या श्वासातून, खोकल्यातून येतो. गाठ नाही, म्हणून स्टेशनवरची तपासणी निरुपयोगी. बंदरावर जहाज अडवायचं तर अडवण्याचे नियम प्लेग, पटकी अशा रोगांसाठी होते. इन्फ्लुएंझा त्या यादीतच नव्हता, कारण तोवर तो ‘चार दिवसांचा ताप’ समजला जाई. रोगी वेगळा काढायचा तर कधी काढणार? लक्षणं दिसेपर्यंत त्याने आपला प्रसाद वाटलेला असतो. शिवाय संख्या. प्लेगमध्ये एका चाळीत दोन-चार रोगी असत. फ्लूमध्ये पूर्ण मजला एकदम झोपे.

लसीचं काय? तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत होते की इन्फ्लुएंझा ‘फायफरचा जिवाणू’ नावाच्या एका जिवाणूमुळे होतो. बऱ्याच रोग्यांच्या थुंकीत तो सापडायचा, काहींच्यात सापडायचा नाही, आणि हे कोडं कुणाला सुटत नव्हतं. खरं कारण विषाणू होता. माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू वेगळा काढायला १९३३ साल उजाडलं. १९१८ मध्ये जगभर ज्या लसी टोचल्या गेल्या त्या जिवाणूंच्या होत्या. मूळ आजारावर त्यांचा इलाज नव्हता.

आणखी एक अडचण होती, ती वैद्यकीय नव्हती. प्लेगच्या वेळी सक्ती करून बघितली होती आणि तिची किंमत सरकारला माहीत होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलावर हल्ला केला होता. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला. मार्च १८९८ मध्ये रोगी शोधण्यावरून मुंबईत दंगल झाली. एवढं पाहिल्यावर १९१८ मध्ये कुणी घरात घुसून रोगी ओढून काढायला तयार नव्हतं. ते बरंच झालं म्हणायचं, कारण फ्लूमध्ये त्या सक्तीने काही साधलंही नसतं. मात्र सक्ती सोडल्यावर तिच्या जागी काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

दोन लाटा

पहिली लाट जून-जुलैची. ३ जुलैला एका दिवसात २३० मृत्यूंची नोंद झाली, साथीच्या सुरुवातीच्या रोजच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. चार आठवड्यांत सुमारे १,६०० माणसं गेली. व्यापाऱ्यांना मात्र वेगळाच हिशेब जास्त बोचला: कामाचे सुमारे दहा लाख दिवस बुडाले. मग पाऊस, उकाडा, आणि ताप ओसरला. लोकांना वाटलं, गेली बला.

सप्टेंबरात ती परत आली. मधल्या काळात विषाणू बदलला होता. ऑगस्टच्या अखेरीस आफ्रिकेत फ्रीटाऊन, फ्रान्समध्ये ब्रेस्ट आणि अमेरिकेत बोस्टन या तीन बंदरांत जवळपास एकाच वेळी जास्त जहाल रूप दिसलं. मुंबई तर युद्धाचंच बंदर. मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, फौजा इथून जात, जखमी इथे उतरत. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी इमारतसुद्धा तेव्हा लष्करी हॉस्पिटल म्हणून वापरात होती.

या दुसऱ्या लाटेत चार दिवसांच्या तापावर गोष्ट थांबेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटे, माणूस उठून बसे, आणि मग धाप लागे. विषाणूने श्वासनलिकेच्या आतलं अस्तर सोललेलं असतं. त्या उघड्या जागी नेहमीचेच जिवाणू शिरतात आणि न्यूमोनिया होतो. काहींच्या बाबतीत जिवाणूंची वाटही पाहावी लागत नसे. फुप्फुसात पाणी भरे, ओठ आणि नखं निळसर-जांभळी होत. असा रंग दिसला की डॉक्टर मान हलवत. आणि मरणारे कोण? नेहमीच्या फ्लूत तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं जातात. या वेळी वीस ते चाळीस वयाची, कमावती माणसं जास्त गेली.

६ ऑक्टोबर १९१८ रोजी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदवले गेले. एका दिवसात.

मग महापालिकेने केलं काय?

प्रामाणिक उत्तर असं की वरून फार थोडं झालं. इन्फ्लुएंझा हा सक्तीने कळवायचा रोग नव्हता, म्हणून रोग्यांची यादी नव्हती. डॉक्टर आणि नर्स अपुऱ्या होत्या, कारण भारतीय वैद्यकीय सेवेतले कितीतरी डॉक्टर युद्धावर गेले होते. हॉस्पिटलातल्या खाटा दहा लाखांच्या शहराच्या मानाने मुळातच कमी, त्यात वॉर्डबॉयपासून मेट्रनपर्यंत सगळे स्वतःच आजारी पडत होते.

सल्ले दिले गेले: गर्दी टाळा, मोकळ्या हवेत झोपा, ताप आला की अंथरूण धरा. पोटॅशियम परमँगनेटच्या गुळण्या हा तर त्या काळचा लाडका उपाय. एक-दोन कण पाण्यात टाकायचे, पाणी फिकट गुलाबी झालं पाहिजे. जांभळं झालं तर तोंड भाजायचं. विषाणू तोवर श्वासनलिकेत खाली उतरलेला असल्याने गुळण्यांनी काही बिघडत नसे आणि काही सुधारतही नसे. क्विनीन दिलं जाई, कारण ताप म्हटलं की क्विनीन ही सवय. मलेरियावर ते रामबाण, फ्लूवर त्याचा उपयोग शून्य.

‘अंथरूण धरा’ हा त्यातला खरा सल्ला होता. तो पाळणं ज्याला परवडत होतं तो बहुधा वाचला.

आता एक खोली डोळ्यांसमोर आणा. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली जवळजवळ ७० टक्के माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. खोली दहा बाय दहा फूट धरू, छत दहा फुटांवर. म्हणजे हजार घनफूट हवा. त्यातून ट्रंक, अंथरुणं, पोटमाळा, चूल वजा करा. पाच माणसं झोपली तर माणशी दोनशे घनफूटही उरत नाहीत. एकच दार, ते बोळाकडे उघडणारं. खिडकी असली तर समोरच्या चाळीच्या भिंतीकडे, आणि सप्टेंबरच्या पावसात बंद. मजल्याला एक नळ, तोही ठरावीक वेळी. ‘मोकळ्या हवेत झोपा’ हा सल्ला या खोलीत कसा पाळायचा?

पण नुसती दाटी हे पूर्ण कारण नाही. फ्लू घरात शिरला की घरातले सगळे एक-दोन दिवसांच्या फरकाने पडतात. मग नळाचं पाणी कोण भरणार? जिन्यावरून घागर कोण आणणार? पेज कोण शिजवणार? १०३-१०४ ताप, घाम, आणि उशाशी पाण्याचा रिकामा तांब्या, अशा स्थितीत जो एरवी आठवड्यात उठला असता तोही खचतो. परळ-लालबागकडे कोकणातून आलेले कितीतरी कामगार एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण राहत आणि खानावळीत जेवत. खानावळ चालवणारी बाई पडली की तिच्याकडे जेवणाऱ्या साऱ्या पुरुषांची चूल एका दिवसात विझली. यातला कुणीही ‘उपचाराअभावी’ मेला अशी नोंद होणार नाही, कारण औषध तेव्हा कुणाकडेच नव्हतं. कमी पडली ती शुश्रूषा.

दुसरी चूक लवकर उठण्याची. ताप उतरला की मिलची आठवण येई. हजेरी पडली नाही की पगार नाही, जागेवर बदली कामगार उभाच. १९११ च्या कायद्याप्रमाणे कापड गिरणीत पुरुषाला दिवसाला बारा तासांपर्यंत काम करावं लागे, तेही सुताच्या धाग्यासाठी मुद्दाम दमट ठेवलेल्या, तंतूंनी भरलेल्या हवेत. अस्तर सोललेली श्वासनलिका घेऊन पाचव्या दिवशी तिथे उभं राहणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण.

ही जागा सरकारने भरली नाही, ती लोकांनी भरली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सुरू केलेली सोशल सर्व्हिस लीग, जातीजातींच्या आणि धर्मांच्या संस्था, डॉक्टरांच्या संघटना, विद्यार्थी. कुठे तात्पुरती हॉस्पिटलं उघडली, कुठे फिरते दवाखाने काढले, कुठे औषधाच्या बाटल्या, दूध आणि घोंगड्या घरपोच केल्या. औषधाच्या बाटलीत फारसा दम नव्हता हे आज आपल्याला माहीत आहे. मात्र ती बाटली घेऊन येणारा माणूस दार उघडून आत डोकवत असे, आणि खरा उपचार तो होता. आत किती जण आहेत, कोण उठू शकतं, पाणी आहे का, कुणाला धाप लागली आहे का, कुणाचे ओठ निळे दिसतात का. सकाळ-संध्याकाळ अशी फेरी, हातात दूध किंवा पातळ पेज, अंगावर टाकायला काहीतरी, आणि ‘ताप गेला तरी अजून उठू नकोस’ हा दम. ज्या साथीवर औषध नाही तिच्यात याहून मोठं काही करता येत नाही.

यातली गोम अशी की संस्था जातीच्या होत्या, म्हणून मदतही मुख्यतः जातीच्या वाटेने गेली. ज्यांच्या समाजात शेटजी होते त्यांचं हॉस्पिटल आधी उघडलं. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था सर्वांसाठी काम करत, पण त्यांचे हात मोजके.

मोजणी कशी करायची

‘इन्फ्लुएंझाने किती गेले’ याचा थेट आकडा कुणाकडेच नाही, आणि त्याला कारण आहे. मृत्यूची नोंद स्मशानात किंवा कब्रस्तानात होई. सोबत आलेला नातेवाईक सांगेल ते कारण लिहिलं जाई, आणि नोंदवहीत रकाने ठरलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, श्वसनाचे विकार, इतर. इन्फ्लुएंझाला रकाना नाही. म्हणून तो कधी ‘तापा’त गेला, कधी ‘श्वसना’त.

यावर उपाय म्हणजे जादा मृत्यू मोजणं. आधीच्या चार-पाच वर्षांत ऑक्टोबर महिन्यात सरासरी किती मृत्यू झाले ते काढायचं. १९१८ च्या ऑक्टोबरातल्या एकूण मृत्यूंतून ते वजा करायचं. उरलेले साथीचे धरायचे. यातही खोट राहते: नोंदणारा कारकूनच आजारी असेल तर एकूण आकडाही कमी भरतो. खेड्यांत ही नोंद पोलीस पाटलाकडे असे आणि पाटीलच अंथरुणात पडला तर गावचे मृत्यू कागदावर येतच नाहीत. म्हणूनच देशातल्या मृत्यूंचा सरकारी अंदाज सुरुवातीला साठ लाखांच्या घरात होता आणि पुढच्या अभ्यासकांनी तो सव्वा कोटी ते एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत नेला. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतलं एकमेव दशक आहे ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

मुंबई शहरापुरता मात्र आरोग्य खात्याने एक तक्ता केला, आणि तो या साथीतला सर्वांत बोलका कागद आहे. त्यात हजारी मृत्युदर समाजवार दिला आहे. युरोपियन ८.३. पारशी ९.०. मुसलमान १९.२. वरच्या आणि मधल्या जातींचे हिंदू १८.९. आणि अहवालाच्या भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’, म्हणजे आज आपण ज्यांना दलित म्हणतो ते: ६१.६.

हजारी दर पटकन डोक्यात बसत नाही, म्हणून उलटा करून बघा. युरोपियनांत सुमारे एकशे वीस माणसांमागे एक गेला. सवर्ण हिंदूंत त्रेपन्नामागे एक. दलितांत सोळामागे एक, म्हणजे तीन-चार बिऱ्हाडांमागे एक. विषाणू तोच, शहर तेच, महिना तोच. औषध कुणालाच नाही, तेव्हा ‘त्यांना चांगला डॉक्टर मिळाला’ हे कारणही फार लांब जात नाही. सातपटीहून जास्त फरक पडतो तो खोलीने, खाण्याने, आणि आजारपणात कामावर न जाण्याच्या सोयीने. शहराचा मैला आणि कचरा उचलणारी माणसं याच समाजातली होती. साथ आहे म्हणून ते काम थांबत नव्हतं.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. मुंबई इलाख्यात आणि देशातही पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. घरात रोगी पडला की त्याच्या उशाशी तीच, मग शेवटी उरलेलं जेवणारीही तीच, आणि स्वतः पडली की उशाशी कुणी नाही.

या साऱ्यावर १९१८ चा पाऊस. तो इतका वाईट गेला की देशातल्या सर्वांत मोठ्या दुष्काळी वर्षांत त्याची गणना होते. घाटावर पिकं करपली, धान्य महागलं, युद्धामुळे महागाई आधीच चढलेली. दुष्काळी जिल्ह्यांतून माणसं मुंबईकडे आली, आणि मुंबईतून ताप रेल्वेने घाटावर गेला. टपालाचे आणि रेल्वेचे नोकर त्यात सर्वांत आधी सापडले. ऑक्टोबरातच दख्खनचे जिल्हे भरडले गेले. पूर्वेकडे जाताना साथीचा जोर कमी होत गेला. बंगालमध्ये ती उशिरा पोचली आणि तुलनेने सौम्य राहिली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली.

इतर शहरांनी वेगळं काय केलं

तुलना अमेरिकेतल्या दोन शहरांशी नेहमी होते. फिलाडेल्फियात २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मोठी मिरवणूक निघू दिली गेली, लाखो लोक जमले, आणि आठवड्याभरात हॉस्पिटलं भरली. सेंट लुईसमध्ये आरोग्य आयुक्त डॉ. स्टार्कलॉफ यांनी ७ ऑक्टोबरला, पहिले रोगी सापडून थोडेच दिवस झालेले असताना, शाळा, नाटकगृहं, चर्च आणि सभा बंद केल्या. साथीच्या शिखरावर तिथला जादा मृत्यूंचा आठवडी दर फिलाडेल्फियाच्या आठवा हिस्सा होता. तारीख बघा: सेंट लुईसने दारं बंद केली त्याच्या आदल्याच दिवशी मुंबईने शिखर गाठलं होतं. अमेरिकेला दुसरी लाट येताना दिसली, मुंबईलाही जूनचा इशारा मिळालेला होता, पण तो सौम्य तापाचा होता आणि ऑगस्टच्या शांततेत विरून गेला.

मुंबईने सप्टेंबरात शाळा-नाटकगृहं कडेकोट बंद केली असती तर? थोडा फरक पडला असता, असं आम्हाला वाटतं, फार नाही. गर्दी टाळण्याचा उपाय तिथे चालतो जिथे माणूस गर्दीतून निघून मोकळ्या घरी जातो. मुंबईतल्या दोन-तृतीयांश माणसांची गर्दी घरातच होती. नाटकगृहातून उठून तो पाच जणांच्या खोलीत आला असता. उपयोगी पडलं असतं ते वेगळंच: आजारी कामगाराला आठवडाभराचा पगार, वॉर्डावॉर्डांत शिजवलेली पेज, आणि प्रत्येक चाळीला दिवसातून दोनदा डोकावणारा एक धडधाकट माणूस. जून-जुलैत ताप येऊन गेलेल्यांत थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असणार, म्हणजे अशी माणसं मिळाली असती. त्यांची यादी करायला कुणाकडे वही नव्हती.

नोव्हेंबरात मृत्यू उतरले. साथ आटोक्यात आणली असं म्हणता येत नाही. लागण होण्यासारखी माणसं संपत आली, म्हणून ती थांबली. जानेवारी १९१९ मध्ये लाखभर गिरणी कामगार महागाईभत्ता आणि पगारवाढीसाठी संपावर गेले. त्यांतल्या बहुतेकांनी तीन महिन्यांपूर्वी घरातला किंवा शेजारचा कुणीतरी स्मशानात पोचवलेला असणार. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या जॉर्ज लॉईड यांनी शहरातल्या घरटंचाईवर मोठी योजना काढली. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे कामगारांसाठी चाळी उभ्या राहिल्या. योजना पन्नास हजार खोल्यांची होती. २०७ चाळी झाल्या, खोल्या त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. प्रत्येक बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची एकच खोली, संडास मजल्यावर सामाईक.